ब्राउझरमधलं कोडिंग खोटं, म्हणे!

पालकांच्या आणि शिक्षकांच्या ग्रुपांवर एक संदेश पुन्हा पुन्हा येतोय. मला तो चार ठिकाणांहून आला, त्यातल्या एका ठिकाणी तर आमच्याच शाळेच्या ग्रुपवर. मजकूर थोडक्यात असा: ‘शाळेत ब्राउझर उघडून शिकवतात ते कोडिंग नव्हे, खेळ आहे. तिथे खरी भाषा चालत नाही. नेट गेलं की तास बुडाला. मुलांना फाइल कुठे सेव्ह होते तेही कळत नाही. खरा प्रोग्रामर ब्राउझरमध्ये काम करत नाही. फुकट मिळतं म्हणजे मुलांची माहिती विकली जाते. शाळेला सांगा, लॅबमध्ये खरं सॉफ्टवेअर टाका.’ खाली हात जोडलेले.

मी तालुक्याच्या गावी आठवी-नववीला प्रोग्रामिंग शिकवतो, कधी अकरावीचेही तास घेतो. या संदेशात काळजीचं कारण आहे, पण ते चुकीच्या खुंटीला टांगलंय. प्रोग्राम कोणत्या खिडकीत दिसतो याला फारसं महत्त्व नाही. तो चालतो कुठे, मुलाच्या पुढ्यातल्या मशीनवर की दूर कुणाच्या तरी सर्व्हरवर, आणि मुलाचं काम शेवटी कुणाच्या ताब्यात राहतं, हे विचारायला हवं.

‘खरी भाषा चालत नाही’ यापासून सुरुवात करू. हे एके काळी थोडंफार खरं होतं. स्कल्प्ट, ब्रायथॉन यांसारख्या साधनांत पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरला कळणाऱ्या भाषेत, नव्याने लिहून काढलेली होती. त्यामुळे काही गोष्टी चालायच्या, काही चालायच्या नाहीत, आणि चूक मुलाची की साधनाची हे शोधण्यात तास जायचा. पण २०१८ मध्ये फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलात पायोडाइड हा प्रकल्प सुरू झाला. त्यात पायथॉनचा सी भाषेतला मूळ इंटरप्रिटरच (कोड वाचून चालवणारा प्रोग्राम) वेबअसेम्ब्लीत कंपाइल केलाय, म्हणजे ब्राउझरला थेट चालवता येईल अशा रूपात आणलाय. अलीकडची बरीच साधनं त्यावर उभी आहेत. तिथे कोलन विसरलं की तोच सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्यातल्या चुकीचा इशारा येतो आणि एखाद्या ओळीआधी चार स्पेसच्या जागी तीन पडल्या की तोच इंडेंटेशनचा ओरडा. खोटं काय आहे यात?

आणि ‘खेळ’ म्हणून बोट ज्याच्याकडे जातं ते स्क्रॅच, रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम करायचं साधन. अमेरिकेतल्या एमआयटीने ते २००७ मध्ये आणलं तेव्हा ते इन्स्टॉलच करावं लागायचं. २०१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते ब्राउझरमध्ये आलं, जानेवारी २०१९ च्या तिसऱ्या आवृत्तीत फ्लॅश या जुन्या तंत्रातून सुटलं. ठोकळे तेच, मांजर तीच. आजही ते डाउनलोड करून नेटशिवाय वापरता येतं. इन्स्टॉल केलं की शिक्षण आणि टॅबमध्ये उघडलं की खेळ, असं कसं होईल?

आता ‘खरं सॉफ्टवेअर’. आपल्याकडे बारावीच्या कॉम्प्युटर सायन्सला वर्षानुवर्षं सी प्लस प्लस शिकवलं गेलं, आणि किती तरी कॉलेजांच्या लॅबमध्ये ते टर्बो सी प्लस प्लस या कंपायलरवर, म्हणजे लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल असा करून देणाऱ्या प्रोग्रामवर. ती निळी स्क्रीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. बोर्लंडचं ते १९९० चं उत्पादन, डॉसच्या जमान्यातलं. सी प्लस प्लसचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण आलं १९९८ मध्ये. म्हणजे आपण ज्याला भाषा म्हणून शिकलो ती प्रमाण ठरण्याआधीची होती. आयओस्ट्रीमपुढे ‘डॉट एच’, मग व्हॉइड मेन, मग स्क्रीन पुसायची ती ओळ, असं सगळं जुनं वळण. प्रमाण भाषेतला नेमस्पेस हा शब्द कानावरच पडला नाही. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर आजच्या कंपायलरने पहिल्याच ओळीला हाकललं, असे कितीतरी विद्यार्थी मला भेटलेत. नव्या विंडोजवर टर्बो चालत नाही म्हणून डॉसबॉक्स टाकून त्याच्या आत टर्बो चालवायचे, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करून त्यात जुना कंपायलर! ते सगळं इन्स्टॉल केलेलंच होतं बरं का. त्यावर कुणी फॉरवर्ड काढला नाही.

नेटचा मुद्दा जास्त वजनदार आहे, आणि इथेच सर्व्हर आणि मशीन हा फरक लागतो. काही सेवांत मुलाने रन दाबलं की कोड सर्व्हरकडे जातो, तिथे चालतो आणि उत्तर परत येतं. तिथे नेट गेलं की तास बुडाला, हे शंभर टक्के खरं. पण मायक्रोबिट या मुलांसाठीच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला प्रोग्राम करायचं मेककोड हे साधन घ्या. ते एकदा उघडलं की कंपाइल करण्याचं काम ब्राउझरच्या आतच होतं. तयार झालेली फाइल बोर्डावर टाकायची, आणि तो बोर्ड कॉम्प्युटरला पेनड्राइव्हसारखा दिसतो. पायोडाइडवरच्या पानांचंही तसंच. सुरुवातीला काही एमबी उतरवून घ्यावे लागतात, पुढचं गणित मुलाच्या मशीनवर. मी तासाच्या आधी माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर सगळ्या मशीनवर पान उघडून ठेवतो आणि मग हॉटस्पॉट बंद करतो. मुलांना पत्ताही लागत नाही. पुढे एका माजी विद्यार्थ्याने ती पानंच लॅबमधल्या एका कॉम्प्युटरवर आणून ठेवली, बाकीची मशीन लॅबच्याच वायरीवरून ती उघडतात. बाहेरचं नेट लागतच नाही. लाइट गेली तर मात्र काय? मग इन्स्टॉल केलेलंही बसतं, ब्राउझरही बसतो, आणि मी फळ्याकडे वळतो.

फाइलचा मुद्दा मी जवळजवळ मान्य करतो. ब्राउझरमधल्या पायथॉनने फाइल लिहिली तर ती सहसा मेमरीतल्या नकली डिस्कवर जाते. टॅब रिफ्रेश केला की फाइल गायब. एका मुलीने तासभर खपून मार्कांची यादी फाइलमध्ये लिहिली आणि नेमकं रिफ्रेशचं एफ-फाइव्ह बटण दाबलं, तिचा चेहरा मला अजून आठवतो. सीबीएसईच्या बारावीला तर टेक्स्ट, बायनरी, सीएसव्ही अशा तिन्ही फाइली आहेत, वर पायथॉनमधून मायएसक्यूएल या डेटाबेसला जोडायचं आहे. ते ब्राउझरमधल्या पायथॉनवर रेटण्यात अर्थ नाही. अकरावी-बारावीला मशीनवर पायथॉन हवाच, त्यासाठी थॉनी किंवा आयडल यांपैकी कोणताही एडिटर चालेल. पण फोल्डर म्हणजे काय ते मुलांना कळत नाही याचं खापर ब्राउझरवर फोडू नका. ही मुलं फोनवर वाढलीत, तिथे फोटो ‘गॅलरीत’ असतो, फाइल कुठेच नसते. मी तासाच्या शेवटची पाच मिनिटं राखून ठेवतो: डाउनलोड करा, नाव बदला, आपल्या फोल्डरमध्ये टाका. एफ-फाइव्हच्या प्रसंगानंतर ही शिस्त लागली.

‘खरा प्रोग्रामर ब्राउझरमध्ये काम करत नाही’ हे वाचून हसू आलं. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस-५० हा कॉम्प्युटर सायन्सचा पहिला कोर्स विद्यार्थ्यांना ब्राउझरमधलाच एडिटर देतो, आणि तिथे सुरुवातीच्या स्क्रॅचनंतर लगेच सी भाषा येते. ज्युपिटर नोटबुक, म्हणजे कोड, उत्तरं आणि टिपणं एकत्र ठेवणारं ब्राउझरमधलं पान, तर शास्त्रज्ञांचं रोजचं हत्यार. गुरुत्वीय लहरी सप्टेंबर २०१५ मध्ये पहिल्यांदा टिपल्या गेल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते जाहीर झालं तेव्हा त्या टिपणाऱ्या लायगो या वेधशाळेने आपली मोजमापं आणि ती तपासायचा पायथॉन अशाच नोटबुकांत सगळ्यांसाठी खुला केला. त्याच लायगोची भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होते आहे. नोटबुक दिसतं ब्राउझरमध्ये, कोड हवं तर आपल्याच मशीनवर चालतो.

माहिती विकली जाते, याला मी सरसकट खोटं म्हणणार नाही. जी साइट शिकवण्याआधी मुलाचं नाव, ईमेल, जन्मतारीख मागते तिच्यापासून लांब राहा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे आणि पालकांची संमती हा मुळातला नियम आहे. पण स्क्रॅच, मेककोड यांचा एडिटर खातं न काढता उघडतो. मला जास्त भीती वेगळीच वाटते: सेवाच बंद पडण्याची. रेप्लिट या ब्राउझरमधल्या कोडिंगच्या सेवेने शिक्षकांसाठीची टीम्स फॉर एज्युकेशन ही सोय २०२४ मध्ये गुंडाळली. तशाच ग्लिच या सेवेने जुलै २०२५ मध्ये प्रोजेक्ट चालवणंच थांबवलं. या धोक्याबद्दल फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही.

राहिलं ‘लॅबमध्ये टाका’. टाकणार कोण? आमच्या बऱ्याच मशीनवर विंडोज ७ आहे. त्यावर पायथॉन ३.८ च्या पुढचा बसत नाही. क्रोमही १०९ वर अडकलाय, म्हणजे ब्राउझरवाल्यांनीही फार मिरवू नये. केरळने हे करून दाखवलंय. तिथे २००१ मध्ये शाळांसाठी आयटी ॲट स्कूल हा सरकारी प्रकल्प सुरू झाला, त्याचंच पुढे काइट झालं. विंडोजऐवजी उबुंटूवर बेतलेली त्यांची स्वतःची लिनक्स आहे आणि शिक्षकांना तिचं प्रशिक्षण मिळतं. तशी व्यवस्था इथे कुणी उभी करणार असेल तर मी पहिला इन्स्टॉल करायला बसतो. सध्या आमच्या लॅबचा ॲडमिन पासवर्ड ज्यांनी मशीन पुरवली त्यांच्या माणसाकडे आहे. दिवाळीपासून फोन करतोय. मार्चनंतर येतो म्हणालाय.