साहेबांचा जाच आणि त्याच दिवशी लिहिलेली नोंद

कार्यालयातील वरिष्ठाच्या जाचाविषयी कोणी लिहिले, की त्याला मिळणारा पहिला सल्ला ठरलेला असतो : ‘गुपचूप रेकॉर्डिंग करून ठेव.’ मी बरीच वर्षे एचआर विभागात, म्हणजे तक्रार ऐकून घेणाऱ्यांच्या बाजूला, काढली आहेत. तेथे बसून माझे मत असे झाले आहे की रेकॉर्डिंग ही फार पुढची गोष्ट आहे. त्याच्या कितीतरी आधी एक कंटाळवाणे काम करावे लागते, ते म्हणजे घडलेली गोष्ट त्याच दिवशी लिहून ठेवणे. आणि ज्यांचा खरोखर छळ झालेला असतो, अशा बहुतेकांची तक्रार नेमकी येथेच लंगडी पडते.

याचे कारण आपल्या कायद्यांच्या रचनेतही आहे. छळ लैंगिक स्वरूपाचा असेल तर स्त्रियांसाठी २०१३ चा कायदा आहे, त्याखालील अंतर्गत समिती आहे आणि शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करण्याची मुदत आहे, जी समितीला आणखी तीन महिने वाढवता येते. अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तीचा जातीवरून अवमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांना महाराष्ट्रात १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांविषयीच्या कायद्याखाली औद्योगिक न्यायालयात जाता येते. तेथेही तक्रारीची मुदत ९० दिवसांची आहे. मात्र आयटी कंपनीतला टीम लीड, बँकेतला शाखा अधिकारी किंवा औषध कंपनीतला एरिया मॅनेजर यांना साहेबाने रोज चारचौघांत घालूनपाडून बोलणे, रजेवर असताना फोन करून धारेवर धरणे, मुद्दाम बैठकीतून वगळणे, या साऱ्यासाठी स्वतंत्र असा कायदाच नाही. त्यामुळे ही माणसे बहुतांशी कंपनीच्या स्वतःच्या नियमांवर आणि स्वतःजवळच्या कागदांवर अवलंबून असतात.

आता नोंद म्हणजे काय, ते सविस्तर सांगतो. ‘आज साहेबांनी पुन्हा अपमान केला’ ही नोंद नव्हे, ती तक्रारदाराची भावना झाली. ती कितीही खरी असली तरी चौकशी करणाऱ्याच्या हाती तिच्यातून काहीच लागत नाही. नोंद अशी हवी : मंगळवार, सकाळी सव्वाअकरा, विक्री आढाव्याची बैठक, मी मागील महिन्याचे आकडे दाखवत असताना साहेब म्हणाले, “तुला कॉलेजात पास कोणी केलं रे?”, खोलीत अमुक अमुक सहा जण होते, दोघे हसले, मी उत्तर दिले नाही, आकड्यांत चूक काय आहे, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितले नाही. यात विशेषणे नाहीत, ‘विकृत’, ‘हुकूमशहा’ असले शब्द नाहीत, आणि बोललेले वाक्य जसेच्या तसे आहे, शिवी असेल तर शिवीसकट. मराठी माणूस, विशेषतः मध्यमवर्गीय, शिवी लिहायला लाजतो आणि ‘अर्वाच्य भाषा वापरली’ असे लिहून मोकळा होतो. त्या तीन शब्दांनी समोरच्या साहेबाचे काम फार सोपे होते, कारण ‘मी जरा मोठ्या आवाजात बोललो असेन’ एवढे म्हटले की त्याचे भागते.

अशा नोंदींना कायद्यातही स्थान आहे. साक्षीदाराने घटनेच्या वेळी किंवा लगेचच नंतर स्वतः लिहून ठेवलेले टिपण पाहून आपली स्मृती ताजी करावी, याला १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १५९ ने मुभा दिली होती आणि नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती तरतूद कायम आहे. तक्रार करायचे ठरल्यावर एका रात्रीत बसून एकाच पेनाने लिहिलेली सहा महिन्यांची डायरी मात्र अनुभवी माणसाच्या पहिल्या नजरेत ओळखू येते. ही वही घरी ठेवावी आणि कंपनीच्या लॅपटॉपवर तर ती मुळीच लिहू नये; राजीनाम्याची किंवा बडतर्फीची वेळ आली की तो लॅपटॉप तासाभरात परत घेतला जातो आणि त्याबरोबर सगळेच जाते.

असा छळ बहुतेक तोंडी असतो, आणि जाणत्या साहेबाला हे पक्के ठाऊक असते. तो मेलवर कमालीचा सभ्य असतो आणि केबिनमध्ये बोलावून म्हणतो की हे काम उद्या सकाळपर्यंत झाले नाही तर तुझे अप्रेझल, म्हणजे वार्षिक मूल्यमापन, मी बघतो. यावर उपाय एकच आहे : जागेवर परत येऊन दोन ओळींचा सभ्य मेल पाठवणे. ‘आज दुपारच्या बोलण्यानुसार हे काम उद्या सकाळी नऊपर्यंत द्यायचे आहे, त्यासाठी आधी दिलेले अमुक काम मागे ठेवावे लागेल, माझ्या समजण्यात चूक असल्यास कळवावे.’ या मेलमध्ये आरोप नसतो, तक्रार नसते, तरीही तोंडी हुकूम कागदावर आलेला असतो. साहेबाने उत्तर दिले तरी ते उपयोगी पडते आणि दिले नाही तरी. अनेक तक्रारदारांना हा मेल म्हणजे भांडण वाटते. माझ्या मते तो साधा कार्यालयीन शिष्टाचार आहे आणि चांगल्या वरिष्ठाला त्याचा राग येत नाही.

याच्या जोडीला जुनी अप्रेझल पत्रे, बोनसची पत्रे, ग्राहकाने केलेले कौतुक असे आपल्या नावाचे कागद असावेत. सलग काही वर्षे ‘उत्तम’ शेरा मिळालेल्या माणसाला एखाद्या जाहीर वादानंतर अचानक पीआयपीवर, म्हणजे सुधारणेच्या मुदतीवर, टाकले, तर त्या दोन तारखा शेजारी ठेवल्यावर फारसे बोलावे लागत नाही.

व्हॉट्सॲपबाबत लोक स्क्रीनशॉटवर फार विसंबतात. कंपनीच्या अंतर्गत चौकशीत पुराव्याचे न्यायालयीन नियम काटेकोरपणे लागू होत नाहीत आणि कोणाची बाजू खरी असण्याची शक्यता अधिक, एवढेच पाहिले जाते, म्हणून तेथे छापील स्क्रीनशॉट सहसा चालून जातो. प्रकरण न्यायालयात गेले, की मूळ संदेश कोठे आहे, हा प्रश्न येतो. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले, की इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ उपकरणच मालकाने साक्षीला उभे राहून हजर केले तर त्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र आता दोन भागांत द्यावे लागते आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. साध्या भाषेत, तो संदेश ज्या फोनमध्ये आला तो फोन विकू नये, फॉरमॅट करू नये, एक्स्चेंजमध्ये देऊ नये.

रेकॉर्डिंगविषयीही सांगायला हवे. मुंबईच्या तत्कालीन कॉरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, लाच मागितल्याचे टेलिफोनवरील संभाषण मलकानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ग्राह्य धरले. आवाज ओळखता यावा, मजकूर संबंधित असावा आणि त्यात फेरफार नसावा, या अटी तेव्हापासून सर्वपरिचित आहेत. म्हणून आपण स्वतः सहभागी असलेल्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण निरुपयोगी नाही. पण दोन गोष्टी विसरू नयेत. आपण हजर नसलेल्या खोलीत फोन लपवून ठेवणे हा सरळ दुसऱ्याच्या खाजगीपणावर घाला आहे. आणि अनेक कंपन्यांच्या नियमांत कार्यालयातील ध्वनिमुद्रणाला बंदी असते. मग चौकशीचा विषय साहेबाचे वागणे न राहता तुमचा फोन होतो. हाच धोका कंपनीच्या फाइली स्वतःच्या जीमेलवर पाठवण्यात आहे. ग्राहकांच्या याद्या, दरपत्रके, सहकाऱ्यांच्या पगाराचे तक्ते यांना हात लावू नये. छळ सिद्ध करायला त्यांची गरज नसते आणि बडतर्फीला ते पुरेसे असतात.

साक्षीदारांबद्दल मी थोडा कठोर आहे. बैठकीत हजर असलेले सहा जण चहाच्या टपरीवर तुमच्या बाजूने असतात आणि चौकशीच्या खोलीत ‘माझे लक्ष नव्हते’ म्हणतात. त्यांना घरचे हप्ते आहेत, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. नोंदीत त्यांची नावे मात्र असावीत, कारण नोकरी सोडून गेलेला सहकारी वर्षभराने मोकळेपणाने बोलतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

काही महिन्यांच्या नोंदी एकत्र वाचल्या, की कधीकधी असेही दिसते की साहेब तापट आहेत, पण बोलतात ते कामाबद्दल आणि सगळ्यांनाच. तसे असेल तर तक्रारीचा सूर बदलावा किंवा ती करूच नये. एकाच माणसाला, कामाचा संबंध नसताना, पुन्हापुन्हा, असे दिसले तर मात्र तक्रार लिहावी. ती दोन पानांच्या पुढे जाऊ नये, पाच-सहा ठळक घटना तारखेनुसार असाव्यात, बाकीच्या नोंदी परिशिष्टात जोडाव्यात आणि काय हवे आहे ते स्पष्ट लिहावे : बदली, वरिष्ठ बदलून मिळणे, अप्रेझलचा फेरविचार किंवा चौकशी. तक्रार मेलने पाठवावी. कागदावर दिली तर दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी. ‘ठेवून जा, मी साहेबांशी बोलतो’ असे एचआरमधला कितीही ओळखीचा माणूस म्हणाला, तरी पोच घेतल्याशिवाय तेथून उठू नये.