शोकेसमध्ये एक मेझकाला हवीच

बुद्ध झाला, वारली झाली, आता दिवाणखान्यात नवीन काय ठेवावं असा पेच पडला असेल तर मेक्सिकोची मेझकाला मूर्ती घ्या. हिरवट दगड, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा आकार आणि डोळे-नाक म्हणून मोजून चार खाचा. पाहुण्यांनी "हे काय?" विचारलं की "प्री-कोलंबियन" (म्हणजे कोलंबस येण्याआधीचं) एवढंच पुटपुटायचं आणि चहाचा घोट घ्यायचा.

मूर्ती सापडली कुठे, हे मात्र विक्रेत्याला विचारू नका. बरं दिसत नाही. ग्वेरेरो राज्यात बाल्सास नदीच्या आसपास कुणीतरी कुदळ घेऊन गुपचूप जाऊन आलं असणार, हे दोघांनाही ठाऊक असतं. अशा खोदाईपायी या मूर्तींचा नेमका काळ सांगणं अवघड होऊन बसलंय. पण तुम्ही त्याला 'गूढ' म्हणा. कॅटलॉगवालेही तेच म्हणतात, आणि गूढाचे पैसे वेगळे लागतात. मेक्सिको सिटीत टेम्प्लो मायोर या अ‍ॅझ्टेकांच्या मुख्य देवळाच्या उत्खननात अशाच मूर्ती निघाल्या. अ‍ॅझ्टेकांनी त्या देवाला वाहिल्या होत्या, तेव्हाच त्या जुन्यापुराण्या होत्या! हे कळलं, कारण तिथे कुठली वस्तू कशाशेजारी होती याची नोंद ठेवली गेली. तुमच्या मूर्तीला असली कटकट नाही.

कागदावर 'युरोपातील खासगी संग्रह, 1970 पूर्वी' ही ओळ आहे ना, तेवढं बघा. पुरावस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार 1970 चा, त्यामुळे जगभरच्या आजोबांनी आपापली खरेदी बरोबर त्याआधी उरकून घेतलेली असते. मेक्सिकोने पुरावस्तू देशाबाहेर न्यायला 1827 मध्येच बंदी घातली होती, हा विषय सभ्य माणसं काढत नाहीत. फेब्रुवारी 2021 मध्ये पॅरिसला क्रिस्टीजच्या लिलावाआधी मेक्सिकोच्या पुरातत्त्व संस्थेने तो काढला. वस्तू आमच्या म्हणाले, वर त्यातल्या काही हल्लीच घडवलेल्या आहेत असंही म्हणाले. लिलाव व्हायचा तो झालाच.

नकली निघेल म्हणून घाबरता? ब्रिटिश म्युझियमने 1897 मध्ये स्फटिकाची 'अ‍ॅझ्टेक' कवटी विकत घेतली. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावर फिरत्या चाकाच्या खुणा दिसल्या, आणि असं चाक अ‍ॅझ्टेकांकडे नव्हतंच. ब्रिखिदो लारा या कारागिराची गोष्ट तर त्याहून गोड. 1974 मध्ये पुरावस्तूंच्या चोरीबद्दल त्याला आत टाकलं. त्याने तुरुंगात माती मागवली आणि नव्या मूर्ती करून दाखवल्या. तज्ज्ञांनी त्याही प्राचीन ठरवल्या, तेव्हा कुठे बिचारा सुटला. निर्दोष ठरायला त्याला नकलाकार असल्याचं सिद्ध करावं लागलं.

तुमचा हिशोब त्यामानाने सोपा आहे. अस्सल असली तर बहुधा लुटीची, लुटीची नसली तर बहुधा कालपरवाची. दोन्हीत मन रमेना तर विकून टाका. आता कागदावर एक ओळ वाढवता येईल, 'भारतातील प्रतिष्ठित खासगी संग्रह'. पुढचा गिऱ्हाईकही तुम्हाला काही विचारणार नाही.