निओक्लासिकल आर्टला थंड म्हणणाऱ्यांसाठी

युरोपियन चित्रकलेचा विषय निघाला की इम्प्रेशनिस्टांवर सगळे भरभरून बोलतात, पण निओक्लासिकल, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली प्राचीन ग्रीस-रोमकडे वळलेली शैली, म्हटलं की एकच शेरा, थंड आहे हो, नुसती ग्रीक-रोमनांची कॉपी. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

आधी काळ लक्षात घ्या. 1738 मध्ये इटलीत हर्क्युलेनियम आणि 1748 मध्ये पॉम्पेईचं खोदकाम सुरू झालं, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली जवळपास सतराशे वर्षं गाडलेली शहरं वर यायला लागली, विंकेलमान या जर्मन अभ्यासकाने 1764 मध्ये प्राचीन कलेचा इतिहास लिहिला आणि तरुण कलाकार रोमकडे धावले. तोवर फ्रान्समध्ये रोकोको या नाजूक, सजावटी शैलीचा जमाना होता, गुलाबी गाल, रेशमी झगे, बागेतले झोपाळे. या सगळ्याला विटलेल्या लोकांनी रोमकडे पाहिलं ते नुसतं नक्कल करायला नाही, कसं जगायचं ते शोधायला.

फ्रेंच चित्रकार दाविदचं 'होरेशियसबंधूंची शपथ' बघा, 1784 चं. रोमसाठी लढायची शपथ घेणारे तीन भाऊ हात पुढे करून उभे, मध्ये बाप तलवारी धरून, मागे तीन साध्या कमानी, बाकी सजावट काही नाही. आणि उजवीकडे कोपऱ्यात कोसळलेल्या बायका, कारण शत्रूच्या घरातच त्यांची नाती आहेत, बहिणीचा तर होणारा नवरा पलीकडच्या बाजूने लढणार आहे. म्हणजे कुणीही जिंको, घरात रडणं ठरलेलंच! याला थंड म्हणायचं?

आणि दाविदचंच 'मारा', फ्रेंच क्रांतीतल्या मारा नावाच्या नेत्याच्या खुनाचं चित्र. 13 जुलै 1793 ला विरोधी गटाच्या शार्लोत कोर्देने माराला त्याच्या बाथटबमध्येच भोसकलं, त्वचेच्या आजारामुळे तो तासन् तास पाण्यात बसून काम करायचा. दाविद त्याचा मित्र, क्रांतीतला सहकारी. चित्राचा वरचा अर्धा भाग त्याने चक्क रिकामा ठेवलाय, खाली लोंबणारा एक हात, दुसऱ्या हातात कोर्देचं पत्र, आणि लाकडी खोक्यावर 'मारास, दाविद' ही अक्षरं. राजकीय प्रचार आहेच तो, आणि माराचे हात काही स्वच्छ नव्हते हेही खरं, पण दुःख अस्सल आहे, आणि ते इतकं आवरून धरल्यामुळेच जास्त लागतं.

शिल्पात इटलीचा कानोव्हा. प्रेमदेव क्युपिड त्याच्या प्रेयसीला, सायकीला, जागं करतोय त्या शिल्पात क्युपिडचे पंख इतके पातळ कोरलेत की संगमरवरातून उजेड आरपार येतो. नेपोलियनची बहीण पाओलिना हिला कानोव्हाने प्रेमदेवता व्हीनस करून पहुडलेली दाखवली, त्या गादीच्या सुरकुत्या बघाच एकदा. (ग्रीक पुतळे मुळात रंगवलेले असायचे, रंग काळाच्या ओघात गेले. पांढरेपणाचं हे वेड या काळाने जोपासलं.)

आर्किटेक्चरबद्दल मात्र माझं मन थोडं साशंक आहे. पॅरिसचं पँथिऑन घ्या, पंधराव्या लुईने नवस फेडायला बांधायला घेतलेलं चर्च, वास्तुविशारद सुफ्लोचं डिझाइन, आणि 1791 मध्ये क्रांतिकारकांनी खिडक्या बुजवून त्याचं राष्ट्रपुरुषांचं समाधिस्थळ केलं. खांब तेच, मालक बदलला. तिकडे अमेरिकेत जेफरसनने व्हर्जिनियाच्या विधानभवनासाठी फ्रान्समधल्या नीम शहरातल्या रोमन देवळाचा नमुना घेतला, नव्या प्रजासत्ताकाला शोभेल म्हणून. आणि आपल्या मुंबईत 1833 मध्ये टाउन हॉल पूर्ण झाला, म्हणजे आजची एशियाटिक लायब्ररी, तिथले ग्रीक धाटणीचे डोरिक खांब आणि त्या उंच पायऱ्या कंपनी सरकारचा दरारा दाखवायला. आत एल्फिन्स्टन आणि माल्कम यांचे इंग्रज शिल्पकार चँट्रीने घडवलेले संगमरवरी पुतळे आहेत, कारागिरी अप्रतिम, पण गव्हर्नरांना असं रोमन थोरपण बहाल केलेलं बघून मला अस्वस्थ वाटतं. या शैलीशी भांडायचंच असेल तर इथे भांडा, मी तुमच्या बाजूने आहे. दाविद आणि कानोव्हाला थंड म्हणालात तर मात्र कमेंटमध्ये वाद घालायची माझी पूर्ण तयारी आहे.