ओहोटीला जांबियानीत समुद्र बंद नसतो

आज दुपारी जांबियानी सोडलं. आता स्टोन टाऊनमध्ये, म्हणजे झांझिबार शहराच्या जुन्या भागात, फेरीच्या धक्क्याजवळ बसून लिहितेय, उद्या सकाळी दार-ए-सलामची बोट आहे. पाठीवर एक सॅक घेऊन तीन आठवडे टांझानियात फिरले, त्यातले शेवटचे आठ दिवस या एका गावात. लिहायचंय ते मात्र फक्त आजच्या सकाळबद्दल.

जांबियानी झांझिबारच्या, म्हणजे उंगुजा बेटाच्या, पूर्व किनाऱ्यावर आहे. पांढरी वाळू, फिरोजी पाणी, वाकलेले माड हे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. ओहोटीला इथलं पाणी पार लांब प्रवाळाच्या रांगेपर्यंत मागे जातं आणि मधला सगळा उथळ पट्टा उघडा पडतो. हॉस्टेलवरचे निम्मे लोक तेव्हा वैतागतात. ‘आज पोहायला पाणीच नाही!’ हे वाक्य आठ दिवसांत इतक्यांदा ऐकलं की शेवटी शेवटी मला राग यायला लागला. कारण पाहुण्यांचा समुद्र बंद होतो ना, बरोबर त्याच वेळी गावातल्या बायकांचं शेत उघडतं.

हो, शेतच. वाळूत ठोकलेल्या लाकडी खुंट्या, त्यांच्यामध्ये ताणलेल्या दोऱ्या, आणि दोरीला वीतवीत अंतरावर बांधलेले शेवाळाचे झुबके. त्याला इथे म्वानी म्हणतात. १९८९च्या सुमारास फिलिपिन्सहून आणलेल्या बियाण्यावर इथे आणि शेजारच्या पाजे गावात ही शेती सुरू झाली. दीडेक महिन्यात पीक काढायला येतं, मग ते वाळवायचं, पोत्यांत भरायचं, विकायचं. पुढे परदेशात त्यातून कॅरेजिनन काढतात, जे टूथपेस्ट, आइस्क्रीम, लोशन यांना दाटपणा आणतं. या शेतीत बहुतेक सगळ्या बायकाच आहेत. घराबाहेर पडून स्वतःच्या हातात पैसा येण्याची वाट कितीतरी जणींना पहिल्यांदा या दोरीने दाखवली.

हॉस्टेलमागच्या घरातल्या आजींना मी रोज ‘शिकामू’ म्हणायचे. इथे वडीलधाऱ्यांना असंच म्हणतात आणि त्याचा अर्थ ‘पाय धरते’ असा सांगतात. आपण वाकून नमस्कार करतो तसंच. त्या ‘मरहाबा’ म्हणून स्वीकारायच्या. काल त्यांनीच बोलावलं, उद्या चार वाजता ये. मी म्हटलं, चारला तर मी निघालेली असेन. त्यांची पुतणी हसली आणि तिने समजावलं की स्वाहिली घड्याळ दिवस उजाडल्यापासून मोजतं. त्यांचे चार म्हणजे आपले सकाळचे दहा.

तर सकाळी दहाला गुडघाभर पाण्यात मी दोन तास झुबके बांधले. माझे पहिले दहा तरी सुटून वाहून गेले असतील. आजी काही न बोलता पुन्हा बांधत होत्या. कंबर वाकलेली, वरून ऊन, पाण्यावरून डोळ्यांत येणारी तिरीप. मधेच त्यांनी सांगितलं की हे काम बाम्वुआच्या दिवसांत, म्हणजे पुनव-अवसेच्या आसपास पाणी खूप ओसरतं तेव्हा चालतं. मधल्या दिवसांना माजी माफू म्हणतात, मेलेलं पाणी. मला काटा आला. माझं गाव देवबाग, कोकणात मालवणजवळ. उधाण म्हणजे ती मोठी भरती-ओहोटी आणि भांग म्हणजे हेच मेलेलं पाणी, हे दोन शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आलेय.

देवबाग मला इथे पावलोपावली भेटलं. इथल्या न्गालावा होडीला दोन्ही बाजूंना उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारं आडवं लाकूड, असते, आपल्या होडीला एकाच बाजूला. नारळ खवायला पाटावर बसून पुढे पातं असलेली खवणी घेतात, तिला इथे म्बुझी म्हणतात. म्बुझी म्हणजे बकरी! नारळाची सोडणं किनाऱ्यावरच्या वाळूत कित्येक महिने पुरून, मग बडवून काथ्या काढतात. हे सगळं बघितल्यावर हा किनारा परका कसा वाटेल?

म्हणूनच पुढचं जास्त लागलं. मागे इथे म्वानीच्या दोन जाती लावत. त्यातली जाड, चांगला भाव मिळवणारी जात उथळ पाणी तापायला लागल्यापासून टिकेना, मरू लागली. राहिली ती स्वस्तातली. वाळलेल्या किलोभर म्वानीला जे मिळतं, त्यात हॉस्टेलवरची एक कॉफीही येत नाही. काही बायका आता खोल, थोड्या थंड पाण्यात लागवड करता यावी म्हणून पोहायला शिकताहेत. समुद्रात आयुष्य काढलेल्या बायका, आणि पोहणं आत्ता शिकताहेत! पाजेत काही जणी म्वानीचे साबण करून विकतात. साबणाला स्वाहिलीत साबुनी म्हणतात. मी चार घेतले आणि भाव केला नाही.

आणि आम्ही पाहुणे काय करतो? खुंट्या पायाला लागतात म्हणून तक्रार करतो. वाकलेल्या बाईचा पाठमोरा फोटो न विचारता काढतो. आज आमच्या डोक्यावर पंधरा मिनिटं कुणाचा तरी ड्रोन घोंघावत होता. आजींनी कांगा, म्हणजे अंगावर घेतात ते छापील कापड, डोक्यावरून पुढे ओढला आणि बांधत राहिल्या. बिकिनीवर गावातून दुकानात जाणारे तर रोज दिसतात, गाव मुसलमान आहे, खांदे-गुडघे झाका अशी विनंती पाट्यांवर लिहिलेली असूनही. बॅकपॅकर म्हणून आपण स्वतःला रिसॉर्टवाल्यांपेक्षा वेगळे समजतो. मला आज तसं म्हणवेना. आपण पैसे कमी खर्च करतो, एवढ्याने गावाचं काही भलं होत नाही.

माझं म्हणणं अगदी साधं आहे. समुद्रकिनारा ही कुणाची तरी कामाची जागा असते. तिथे आपण पाहुणे म्हणून जायचं, तर आधी काम बघावं, विचारावं, मग अंथरूण पसरावं. हे मी झांझिबारला जाणाऱ्यांना सांगतेय तेवढंच तारकर्लीला जाणाऱ्यांनाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढायला मोकळी वाळू लागते. माझ्या लहानपणी अख्खी वाडी दोर ओढायची आणि प्रत्येक घराला वाटा मिळायचा. त्याच वाळूवर आज खुर्च्या, छत्र्या आणि पॅरासेलिंगच्या बोटी आहेत. पर्यटनावर आमचीही घरं चालतात, माझ्या काकांकडे दोन खोल्या आहेत, त्यामुळे पर्यटन नको असं मी कधीच म्हणणार नाही. पण रापणीच्या वेळी खुर्ची मागे घ्यायला सांगितली म्हणून भांडणारा पाहुणा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. आज सकाळच्या त्या ड्रोनखाली मला तोच आठवला.

एक वाजायच्या सुमाराला पाणी परतायला लागलं. आजींच्या घरी वाली वा नाझी, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, आणि ऑक्टोपसचं कालवण जेवले. पैसे देऊ केले तर आजींनी हात मागे घेतला. मग पुतणीनेच सांगितलं, दोरी संपलीय. दुकानातून दोरीचं एक बंडल आणून दिलं, ते त्यांनी घेतलं.

दालादाला, म्हणजे इथली वडापची छोटी बस, आला तेव्हा टपावर आधीच वाळलेल्या म्वानीची पोती रचलेली होती. माझ्या सॅकला वर जागा नव्हती. शहरापर्यंत ती मांडीवर घेऊन बसले.