पगार थकवून टीम पोसणाऱ्याचं कौतुक मला सांगू नका

आज सकाळी पुतण्याचं स्टेटस पाहिलं आणि तेव्हापासून डोकं तापलेलं आहे. बँकांचं कर्ज थकवून देश सोडून गेलेले किंगफिशरवाले विजय मल्ल्या, त्यांचा हसरा फोटो, मागे त्यांनी काढलेल्या बंगळुरूच्या आयपीएल टीमचा, म्हणजे आरसीबीचा लाल रंग आणि खाली लिहिलेलं, 'बँकांनी दुप्पट वसूल केलं, तरी हा माणूस चोर? सॉरी बॉस.'

फोन केला तर म्हणतो, "आत्या, तुले माहीत नाही. त्याचा पॉडकास्ट पाय एकदा, चार तासाचा हाय. समदं सांगतलं त्यानं."

पोरगा वाईट नाही. अठरा नंबरचा टी-शर्ट घालून वावरात फवारणीला जातो. ३ जून २०२५ ला अहमदाबादला आरसीबीने पंजाबला सहा धावांनी हरवून पहिल्यांदा आयपीएल जिंकली, तेव्हा विराटसोबत हाही रडला. ते रडणं खरं होतं, त्याला मी एक शब्द बोलणार नाही. पण विराटवरचं प्रेम उचलून मल्ल्याच्या खात्यात जमा करायचं, हे मला चालत नाही. आणि माझ्या यादीतल्या तुम्हा मंडळींपैकीही काही जणांनी तेच स्टेटस ठेवलंय, म्हणून हे इथे लिहिते आहे.

मुळात २०१६ नंतर ती टीम त्याची राहिलीच नाही. दारूची कंपनी डियाजिओ या ब्रिटिश कंपनीकडे गेली, टीम त्या कंपनीसोबत गेली. तरी ट्रॉफी आली तेव्हा लंडनहून अभिनंदनाचं ट्विट आलं, ही टीम मी काढली तेव्हाच ट्रॉफीचं स्वप्न पाहिलं होतं, कोवळ्या विराटला मी निवडलं होतं. बरं, निवडलं असेल. २००८ मध्ये अंडर-१९ वर्ल्ड कप जिंकून आलेल्या पोरांमधून दिल्लीने आपल्याच गावच्या विराटला सोडलं आणि बंगळुरूने घेतलं, ही निवड चांगली होती. झालं माझं कौतुक करून.

आता माझं ऐका. आमच्या तालुक्यात एक जिनिंगवाला होता, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या गिरणीचा मालक. नाव लिहीत नाही, जुन्या लोकांना कळेल. त्याने कबड्डीची टीम काढली होती. माझा दादा त्या टीममध्ये चढाईला होता. छातीवर जिनिंगचं नाव छापलेले टी-शर्ट, पायात बूट, सामन्याला न्यायला-आणायला गाडी. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या त्या गावात बुटात कबड्डी खेळणारी पोरं आधी कोणी पाहिली नव्हती. त्याच वर्षी त्याच शेठने खेडा खरेदीत आमच्या गावचा कापूस उचलला. चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, आठ दिवसांत देतो म्हणाला. बाबांच्या हातात वजनाची चिठ्ठी. आठ दिवस गेले, संक्रांत गेली, होळी गेली. आई म्हणे, "जाऊन मांगा न." आणि बाबा म्हणत, "पोट्टं त्याच्या टीममंदी खेळते, कोन्या तोंडानं मांगू?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून आजवर गेलेलं नाही. टीम कशासाठी काढतात, हे मला माझ्या शेतकरी बापाने एका वाक्यात सांगितलं होतं.

मल्ल्याने कोणकोणत्या टीम पोसल्या बघा. १९८३ मध्ये वडील विठ्ठल मल्ल्या गेले आणि तयार उद्योग हाती आला. कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन फुटबॉल क्लब, दोन्हींच्या मागे याचाच पैसा. जानेवारी २००८ मध्ये आयपीएलच्या टीमचा लिलाव झाला, त्यात ११ कोटी १६ लाख डॉलर मोजून बंगळुरू घेतलं. त्याच्याहून जास्त बोली एकट्या मुंबईची होती. त्याच्या थोडं आधी फॉर्म्युला वनची स्पायकर टीम घेऊन तिचं नाव फोर्स इंडिया ठेवलं. त्या गाड्या चांगल्या पळाल्या. २००९ ला बेल्जियममध्ये टीमचा ड्रायव्हर फिसिकेला सगळ्यांच्या पुढून सुटला आणि दुसरा आला. देशाचं नाव झालं, हे मी नाकारत नाही.

पण मालकाचा स्वभाव पहिल्याच हंगामात दिसला होता. २००८ ला टीम हरायला लागली तर स्पर्धा चालू असतानाच टीमचे सीईओ चारू शर्मांना काढलं, आणि टीम निवडली द्रविडने आणि शर्माने, असं जगजाहीर बोलून मोकळा. द्रविडला! त्या माणसाने उभ्या आयुष्यात कोणाला उलट उत्तर दिलं नसेल. कबड्डीवाल्यांसाठी सांगते, हेच चारू शर्मा पुढे आनंद महिंद्रांसोबत प्रो कबड्डी उभी करणारे. म्हणजे काढलेल्या माणसाने आपल्या मातीतल्या खेळाचं भलं केलं.

दादाचा अंतिम सामना मला स्पष्ट आठवतो. हॅलोजनचा उजेड, मंडप, शेठ पुढच्या खुर्चीत. दादाने एका चढाईत तिघं मारले तेव्हा शेठ उठला आणि पाचशे एक रुपये दादाच्या हातात ठेवले. माइकवरून नाव पुकारलं. सगळं गाव टाळ्या वाजवतंय आणि त्या गावातल्या निम्म्या घरांचा चुकारा त्याच माणसाकडे अडकलेला. बाबाही टाळ्या वाजवत होते. चिठ्ठी खिशात.

किंगफिशर एअरलाइन्स २००५ ला सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली. शेवटी शेवटी सात-सात महिन्यांचे पगार थकलेले. पायलट होते, इंजिनिअर होते, विमान झाडणारे-पुसणारे होते. दिल्लीत एका कर्मचाऱ्याच्या बायकोने जीव दिला. नवऱ्याला पगार नाही म्हणून. ती बातमी आली तेव्हा आपल्या विदर्भात कोणाला समजावून सांगावी लागली नाही. त्या बाईचं घर कसं असेल हे आपल्याला न बघता कळतं.

आणि आयपीएल चालूच. फेब्रुवारी २०१४ च्या लिलावात आरसीबीने युवराजसिंगला १४ कोटींना घेतलं. तेव्हा किंगफिशरच्या कर्मचाऱ्यांनी युवराजला उघडं पत्र लिहिलं की, आमचे पगार थकवणाऱ्याच्या टीमकडून खेळू नका. जरा थांबून विचार करा. मालकाला पत्रं लिहून झाली, सरकारला लिहून झाली, संप करून झाला. आता खेळाडूला पत्र! कारण त्यांना माहीत होतं, मालक ऐकेल तर फक्त त्याचं, ज्याच्यावर त्याची शान टिकून आहे. युवराजला मी दोष देत नाही. कॅन्सरमधून उठून आलेला माणूस, त्याचीही रोजी आहे. पण पत्र लिहिणाऱ्यांची किती हेटाळणी झाली असेल! 'खेळात राजकारण कायले आणता?' आपल्याच पारावर मी हे वाक्य ऐकलंय.

कारण दादाने मागितले होते.

हो, शेवटी बाबांनी नाही, दादाने मागितले. सरावाला गेला, टी-शर्ट अंगात, आणि शेठला म्हणाला, "शेठ, बाबाचा चुकारा." शेठ हसून म्हणाला, "सोमवारी ये." पुढच्या सामन्याला सात जणांत दादाचं नाव नव्हतं. आणि गाव शेठवर नाही रागावलं, दादावर रागावलं! 'याच्यापायी टीम फुटली.' 'थोडा दम नाही धरवला.' ज्यांचे स्वतःचे पैसे अडकले होते तेच बोलले. माझा राग शेठपेक्षा त्या लोकांवर जास्त आहे, आणि तो अजून उतरलेला नाही. माझी डी.एड.ची फी त्या चुकाऱ्यात होती. वर्ष गेलं माझं.

म्हणून सर्जिओ पेरेझची गोष्ट वाचली तेव्हा मला भरून आलं. फोर्स इंडियाचा मेक्सिकन ड्रायव्हर. जुलै २०१८ मध्ये त्याचेही पैसे टीमने थकवले होते. त्याने लंडनच्या कोर्टात दावा पुढे नेला आणि टीमचा कारभार मल्ल्यांच्या हातून कोर्टाने नेमलेल्या प्रशासकांकडे गेला. पेरेझने सांगितलं की हे माझ्या पैशासाठी नाही, टीम बंद पडू नये म्हणून केलं, मन फार जड झालं होतं. नवीन मालक आले आणि तिथल्या चारशेवर लोकांच्या नोकऱ्या वाचल्या. खेळाडूने मालकाला पैसे मागितले म्हणून टीम वाचली! दादाला ही गोष्ट सांगितली तर तो काही बोलला नाही, फक्त विचारलं, "मंग त्या ड्रायव्हरले टीमनं ठेवलं का काढलं?" ठेवलं, दादा. पुढची दोन वर्षं ठेवलं.

आता पुतण्याच्या आकड्यांकडे येते, नाहीतर म्हणेल आत्याने उत्तरच दिलं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं की मल्ल्यांच्या मालमत्तेतून १४,१३१ कोटी रुपये बँकांना परत मिळाले. कर्जवसुली न्यायाधिकरणाने देणं ६,२०३ कोटी ठरवलं होतं, वर व्याज. मान्य. पैसे आले. पण बापू, ते त्याने आणून दिले नाहीत, जप्त करून विकून घेतले. २ मार्च २०१६ ला तो देश सोडून गेला, राज्यसभेचा खासदार असताना गेला. २०१९ मध्ये फरार आर्थिक गुन्हेगार म्हणून कोर्टाने जाहीर केलेला तो पहिला माणूस. २०२२ ला सुप्रीम कोर्टाने अवमानासाठी चार महिन्यांची कैद सांगितली, ती भोगायला तो आलेला नाही. वसुलीत एवढंच कौतुक असेल तर आपल्या गावात सोसायटीने ज्यांचं वावर लिलावात काढलं त्यांचेही फोटो लावा स्टेटसला.

आणि बँकांचं मला पडलेलं नाही, खरं सांगते. बँकांकडे वकील आहेत, जप्ती आहे. झाडणाऱ्याकडे काय होतं? कर्मचाऱ्यांच्या थकलेल्या पैशांपैकी ३०० कोटींहून जास्त रक्कम मोकळी झाली ती डिसेंबर २०२५ मध्ये. २०१२ चा पगार! त्या माणसांची पोरं या तेरा वर्षांत शिकून बाहेर पडली असतील, किंवा शिकलीच नसतील. पॉडकास्टमध्ये त्याने कर्मचाऱ्यांची माफी मागितली, पैसे कोर्टात अडकले होते, बँकांनी सोडू दिले नाहीत असंही म्हणाला. असेलही त्यात काही खरं. पण डिसेंबर २०१५ मध्ये गोव्यात साठाव्या वाढदिवसाची मोठी पार्टी झाली, तेव्हा तो खर्च कोणत्या कोर्टात अडकला नव्हता.

आमच्या शेठने चुकारा दिला. तुकड्या-तुकड्यांनी, वर्षं लावून, वर कट्टी कापून, व्याजाचं तर नावच नाही. मग जिनिंग विकून तो शहरात गेला. त्याच्या टीममधली दोन पोरं पोलिसात लागली, हेही सांगते, नाहीतर त्यांच्या घरचे म्हणतील मी एकच बाजू लिहिली. ती पोरं मेहनतीने लागली, त्यात शेठचे बूट होते. ठीक आहे.

पण दादा पुन्हा मैदानात उतरला नाही. आज लिहिता लिहिता तेच आठवतंय, आणि सकाळचा राग थोडा कमी होऊन दुसरंच काही वाटतंय. एवढा चांगला खेळायचा तो. त्याचा श्वास सुटत नसे. आता गुडघे दुखतात म्हणतो, पण टीव्हीवर प्रो कबड्डी लागली की खाटेवर बसल्या बसल्या त्याचा हात रेषेकडे जातो.

पुतण्याला मी स्टेटस काढ म्हणणार नाही. तो त्याच दादाचा मुलगा आहे, त्याला बापाची गोष्ट अर्धीच माहीत होती, आज पूर्ण सांगितली. त्याने ऐकून घेतली, वाद घातला नाही.

एक कामाचं. यंदाच्या सामन्यांसाठी मंडळाच्या पोरांनी टी-शर्टवर ज्या व्यापाऱ्याचं नाव घ्यायचं ठरवलंय, त्याच्याकडे गावातल्या बऱ्याच जणांचे सोयाबीनचे पैसे बाकी आहेत. मी मंडळाला फोन करून सांगितलंय, आधी लोकांचे पैसे, मग नाव. नाहीतर साध्या पांढऱ्या बनियनवर खेळा, पोरांनो. टी-शर्टसाठी माझी वर्गणी मी आजच लिहून दिली आहे. ज्यांना द्यायची त्यांनी थेट मंडळाकडे द्या, माझ्याकडे पाठवू नका.