नव्वदचा पाढा

शाळेत माझे तिसापर्यंतचे पाढे पाठ होते. पन्नाशी उलटल्यावर नव्वदचाही लागेल, हे गुरुजी बोलले नव्हते. २०२५च्या डिसेंबरात डॉलर नव्वदीपार गेला आणि नेमके तेव्हाच आमचे साडू न्यू जर्सीहून ठाण्यात उतरले.

माणूस तसा लाखात एक. पण कुठल्याही रकमेला नव्वदने भागल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. राम मारुती रोडला वडापाव खाल्ला, वीस रुपये. "म्हणजे बावीस सेंट? अहो, फुकटच की हे!" असं खणखणीत आवाजात. वडेवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू इतकी वर्षं मी त्याला लुटत आलोय. पुढच्या आठवड्यात वडा पंचवीसला गेला. "तेल महागलं, काका," असं तो म्हणाला खरा, पण माझा संशय साडूंवरच आहे.

रविवारी हिने यादी देऊन आम्हा दोघांना जांभळी नाक्याला पिटाळलं. साडू भागाकार करत पुढे आणि मी पिशव्या घेऊन मागे. तेलाच्या डब्याला हात लावला तर दुकानदार म्हणाला, "डॉलर वाढला ना!" तूरडाळीला तेच. हिंगाच्या डबीलाही तेच. मला वाटलं, ही लोकांना नवी सबब सापडली. पण विचार केला आणि गप्प बसलो. आपण खातो त्यातलं निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येतं. पाम इंडोनेशिया-मलेशियाचं, सूर्यफूल रशिया-युक्रेनचं. तूर कमी पडली की मोझांबिक आणि म्यानमारकडे हात पसरायचे. हिंगाचा कच्चा माल अफगाणिस्तानातून. म्हणजे आमच्या साध्या वरणाला फोडणी बसते तेव्हा चुलीभोवती निम्मं जग उभं असतं, आणि ते सगळं डॉलरमध्ये बोलतं. मराठी बोलते ती फक्त सांगलीची हळद.

शेवटी कोथिंबीर. इथे तरी मी जिंकणार होतो.

"तीस रुपये जुडी? मावशी, नाशिकची कोथिंबीर ही! हिचा डॉलरशी काय संबंध?"

"मग नाशकाहून चालत आली का ती? टेंपोला डिझेल लागतं, दादा."

देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त आयात होतं, हे मी अर्थसंकल्पाच्या चर्चांत ऐकलं होतं. मावशींनी ते एका वाक्यात समजावलं, वर चर्चा न करता. साडू म्हणाले, "तेहेतीस सेंट." मी तीस रुपये दिले.

घरी अण्णा वाटच बघत होते. डॉलरचा विषय निघाला की ते १९६६ च्या जूनमध्ये जातात. "तेव्हा चार रुपये शहात्तर पैशांचा डॉलर एका झटक्यात साडेसातचा केला सरकारने. मला नुकती पाच रुपये वेतनवाढ मिळाली होती. झोपलो तेव्हा डॉलरहून जास्त होती, उठलो तर पाऊणही नाही!" अण्णांनी जन्मात डॉलर पाहिलेला नाही, पण ती जखम अजून ओली आहे.

खरा घाव मात्र लेकीने घातला. तिला परदेशी शिकायचंय. पाच विद्यापीठांचे अर्ज, प्रत्येकी शंभर डॉलर. ८३ चा भाव होता तेव्हा तिने विषय काढला होता. "बघू, पुढच्या वर्षी," मी म्हणालो होतो. त्या 'बघू'ची किंमत साडेतीन हजार रुपये झाली. हिने हा हिशेब तोंडी केला, पाढा न म्हणता, आणि आल्यागेल्याला ऐकवला.

निघताना साडूंनी लेकीच्या हातात खाऊ म्हणून शंभराची हिरवी नोट ठेवली. मी म्हणालो, "चला, एक अर्ज सुटला!" ती म्हणाली, "बाबा, फी ऑनलाइन भरतात. कार्डाने." आणि कार्डावर बँक भावाच्या वर आपली दक्षिणाही घेते. म्हणजे घरात डॉलर असून बाहेरून डॉलर विकत घ्यायचे.

ती नोट आता देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या मागे आहे. आणखी चढला की मोडू, असं ठरलंय. रोज सकाळी अण्णा चहाआधी विचारतात, "कितीवर?" डॉलर वधारला की हिच्या चेहऱ्यावर तेज येतं. परवा रुपया वीस पैशांनी सावरला, तर घरात सुतक. तेलाचा डबा होता त्याच भावाला राहिला. आमची नोट तेवढी वीस रुपयांनी उतरली.