सिम्युलेटर हवाच

"त्याच विमानाची पुढची आवृत्ती असेल तर वर्गातलं प्रशिक्षण पुरतं" हे वैमानिकांच्या प्रशिक्षणावरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. ८ जानेवारी १९८९चा इंग्लंडमधला केगवर्थचा अपघात आठवा. बोईंग ७३७ची तेव्हाची नवीन आवृत्ती असलेल्या ७३७-४००च्या डाव्या इंजिनातलं पंख्याचं पातं तुटलं आणि वैमानिकांनी धडधाकट असलेलं उजवं इंजिन बंद केलं. धूर कुठून येतोय यावरून कप्तानाला उजव्याचाच संशय आला, तोही वातानुकूलनाबद्दलच्या आपल्या माहितीवरून. त्यात उजव्याचा थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) मागे घेताच हादरे कमी झाले, मग शंका उरलीच नाही. डाव्याचं कंपन दाखवणारा मीटर समोरच होता, पण जुन्या ठळक काट्यांच्या जागी आता तबकडीच्या कडेने सरकणारी चिमुकली एलईडी खूण होती. ७३७-४००चा सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवरच उड्डाणाचा सराव देणारी कॉकपिटची प्रतिकृती, तेव्हा ब्रिटनमध्ये नव्हताच, त्यामुळे या पॅनेलवर इंजिन बिघाडाचा सराव त्यांना मिळालाच नव्हता. ४७ माणसं गेली. नजर कुठे वळवायची हे स्लाइड बघून अंगवळणी पडत नाही, त्यासाठी बिघाड घडवून बघावा लागतो. विमानाची नवी आवृत्ती घेणाऱ्या कंपन्यांनी निदान सिम्युलेटरचे तेवढे तास तरी वाचवू नयेत, ही कळकळीची विनंती.